वाचकांचे प्रश्न : कोलोकोत्रोनिस, एक चिनार आणि दोन न्यायाधीश

२५ मार्च हा ग्रीसचा स्वातंत्र्यदिन. ते निमित्त साधून मार्चच्या अंकात मी ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या थिओडोरोस कोलोकोत्रोनिस या ग्रीक सेनानीवर लेख लिहिला होता. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एका पत्राने तर माझी चूकच दाखवून दिली. सुरुवात त्याच पत्रापासून करते.

प्रश्न : "तुमच्या लेखात एकच ओळ आहे : 'सप्टेंबर १८२१ मध्ये त्रिपोलित्सा पडलं आणि मोरियाचं मर्मस्थान ग्रीकांच्या हाती आलं.' त्यानंतरचे तीन दिवस त्या शहरात काय झालं, हे तुम्हाला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं?"

माहीत होतं. जागा अपुरी होती वगैरे कारण मी देणार नाही. त्या ओळीपाशी हात अडखळला आणि मी तशीच पुढे गेले. ते चुकलं. आता नीट सांगते.

त्रिपोलित्सा म्हणजे आजचं त्रिपोली. मोरिया, म्हणजेच पेलोपोनेस द्वीपकल्प, जिथून ऑटोमन अधिकारी चालवत ते हे तटबंदीचं शहर. १८२१ च्या वसंतात उठाव झाला तेव्हा बरेच ग्रीक सरदार म्हणत होते, आधी किनाऱ्यावरचे किल्ले घेऊ. कोलोकोत्रोनिस हट्टाला पेटला, की घाव मध्यावरच घालायचा. मे महिन्यात वाल्तेत्सीला त्याने तुर्कांची फौज परतवली आणि मग वेढा आवळत गेला. आसपासच्या गावांतली मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून आधीच शहरात शिरली होती. उन्हाळा संपेपर्यंत आत धान्य संपलं, पाण्याचे हाल झाले, रोगराई पसरली. आतल्या अल्बेनियन शिपायांशी कोलोकोत्रोनिसने वेगळा करार केला, त्यांना सुखरूप वाट दिली आणि दिलेला शब्द पाळला. बाकीच्यांशी बोलणी चालू होती. तेवढ्यात २३ सप्टेंबरला काही ग्रीक तटावर चढले, दरवाजा उघडला आणि जमाव आत घुसला.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं बरं. आठवणी सांगताना तो म्हणतो, की शुक्रवारपासून रविवारपर्यंत आपल्या लोकांनी बायका, मुलं, पुरुष मारले, बत्तीस हजार. इतिहासकारांना हा आकडा फुगवलेला वाटतो, पण मेलेले हजारोंनी होते यात शंका नाही. त्यांत मुस्लिम होते, तसे शहरातले ज्यूही होते. तो पुढे सांगतो, की तटापासून सरायापर्यंत, म्हणजे पाशाच्या वाड्यापर्यंत, माझ्या घोड्याचा पाय जमिनीला लागला नाही. शेवटी दवंडी पिटली गेली आणि कत्तल थांबली.

मग चिनाराची गोष्ट येते. बाजारात एक चिनार होता, ग्रीकांना फाशी द्यायचा. लोकांनी तो त्याला दाखवला. तो उसासा टाकून म्हणाला, माझ्या घराण्यातले आणि माझ्या लोकांतले किती जण इथे लटकले असतील! त्याने झाड तोडायला लावलं. आणि पुढे तो म्हणतो, की त्यामुळे आणि तुर्क मारले गेल्यामुळे मला थोडं समाधान वाटलं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. झाडाबद्दलचं दुःख अस्सल आहे. पण त्याच श्वासात, कत्तल झालेल्या शहरात उभं राहून, हा माणूस समाधान वाटलं म्हणतो. त्याची बाजू घेणारे सांगतात, की एप्रिलमध्ये सुलतानाने ग्रीक चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क ग्रेगरी पाचवे यांना इस्तंबूलमध्ये त्यांच्याच दारावर फासावर चढवलं होतं, लोक खवळलेले होते. ते खरं आहे. काहीजण खिऑस बेटावरच्या ग्रीकांच्या कत्तलीचं नाव घेतात, पण ती १८२२ ची, म्हणजे नंतरची. आणि यातल्या कशानेही त्रिपोलित्साच्या रस्त्यावरच्या मुलांचा हिशोब चुकता होत नाही. कोलोकोत्रोनिस मला थोर वाटतो, अजूनही वाटतो. पण त्या तीन दिवसांना वळसा घालून त्याला थोर म्हणायचा अधिकार मला नाही.

प्रश्न : "'क्लेफ्ट' या ग्रीक शब्दाचा अर्थ चोर असा दिलेला सापडला. मग कोलोकोत्रोनिस नक्की कोण, स्वातंत्र्यसैनिक की दरोडेखोर?"

अर्थ बरोबर आहे. क्लेफ्ट म्हणजे चोर. डोंगरात राहून करवसुली करणाऱ्यांना, धनवान जमीनदारांना आणि वेळ आली तर आपल्याच धर्माच्या गावकऱ्यांनाही लुटणारी ही पुंड मंडळी. त्यांच्यावर नजर ठेवायला सरकार आर्माटोल नावाचे हत्यारबंद पहारेकरी नेमायचं, आणि गंमत म्हणजे तेही अनेकदा याच मंडळींतून यायचे. आज डोंगरात, उद्या चाकरीत, परवा पुन्हा डोंगरात. कोलोकोत्रोनिस घराणं हे असं होतं.

तो स्वतः सांगतो त्याप्रमाणे त्याचा जन्म ३ एप्रिल १७७० चा, ईस्टरनंतरच्या सोमवारचा. रशियाच्या चिथावणीने मोरियात उठाव झाला होता, तो चिरडला जात होता, माणसं पळत होती. रामावुनी नावाच्या टेकडीवर, एका झाडाखाली तो जन्मला. १७८० मध्ये बाप तुर्कांशी लढताना पडला तेव्हा पोरगा दहा वर्षांचा. १८०६ मध्ये सुलतानाने क्लेफ्टांचा बीमोड करायचं ठरवलं आणि चर्चनेही त्यांना बहिष्कृत केलं. कालपर्यंत भाकरी देणारी दारं बंद झाली. त्याचा भाऊ दिमित्सानाजवळच्या एका मठात, द्राक्षं तुडवायच्या जागेत लपला होता, तिथे घेरला गेला आणि मेला. थिओडोरोस कसाबसा समुद्र ओलांडून झाकिंथोस बेटावर पोहोचला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्या बेटावर आहे. झाकिंथोस पुढे इंग्रजांकडे आलं. त्यांनी उभ्या केलेल्या ग्रीक पलटणीत तो भरती झाला, रिचर्ड चर्च नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली लढला, मेजर झाला. कवायत, शिस्त, पलटण कशी हलवायची हे तिथे शिकला. आणि वाचायला लागला. लहानपणी त्याने वाचलेली पुस्तकं म्हणजे स्तोत्रं आणि चर्चच्या पोथ्या. झाकिंथोसला त्याला साध्या ग्रीकमध्ये लिहिलेला ग्रीसचा इतिहास मिळाला, तुर्कांशी लढलेल्या अल्बेनियाच्या स्कंदरबेगचं चरित्र मिळालं. फ्रेंच राज्यक्रांतीने जगाचे डोळे उघडले, असं तो सांगतो. तोवर लोकांना राजे म्हणजे पृथ्वीवरचे देव वाटायचे आणि ते जे करतील ते चांगलंच म्हणायचं असायचं. १८१८ मध्ये त्याने फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेची शपथ घेतली. जानेवारी १८२१ मध्ये तो मोरियाच्या दक्षिणेला मानीच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा पन्नाशीला आलेला होता. बेटावर गेलेला पुंड आणि परत आलेला सेनानी यांच्यामध्ये पंधरा वर्षं आहेत.

पुढे एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने, हॅमिल्टनने, त्याला तडजोडीचा सल्ला दिला. कोलोकोत्रोनिस म्हणाला, आमच्या राजाने तुर्कांशी कधी तह केला नाही, तो लढताना मेला. त्याचे शरीररक्षक अजून लढताहेत आणि त्याचे दोन किल्ले अजून शरण आलेले नाहीत. कुठले शरीररक्षक, कुठले किल्ले, असं हॅमिल्टनने विचारलं. उत्तर आलं : शरीररक्षक म्हणजे क्लेफ्ट, आणि किल्ले म्हणजे मानी, सुली आणि डोंगर. राजा म्हणजे १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर पडलेला शेवटचा बायझंटाइन सम्राट. जगाने दिलेली शिवी त्याने अशी पदवी करून घेतली.

प्रश्न : "देर्वेनाकियाची लढाई वाचताना उंबरखिंड आठवली. थोडं सविस्तर सांगाल?"

आठवणारच. मीही त्या खिंडीतून गेले तेव्हा मनात तेच नाव आलं होतं.

जुलै १८२२. ऑटोमन सेनापती द्रामाली पाशा प्रचंड फौज घेऊन उत्तरेकडून उतरला. परंपरेने तीस हजारांचा आकडा सांगतात, त्यात घोडदळ फार. कोरिंथ घेतलं, आर्गोसच्या मैदानात आला. ग्रीक सरकारची मंडळी गलबतांवर चढून बसली. कोलोकोत्रोनिसने दोन गोष्टी केल्या. मैदानातलं पीक जाळायला लावलं, विहिरी निकामी करवल्या. आणि आर्गोसच्या वरचा लारिसाचा किल्ला दिमित्रियोस इप्सिलांतिस वगैरे मंडळींनी धरून ठेवला, त्यामुळे पाशा तिथेच रेंगाळला. ऐन उन्हाळा, हजारो घोडी, ना चारा ना पाणी. पाशापुढे परत कोरिंथला जाण्यावाचून इलाज राहिला नाही.

कोलोकोत्रोनिसने हे आधीच ताडलं होतं. परतीची वाट देर्वेनाकियाच्या अरुंद खिंडीतून जाते. तिथे तो अडीच हजारांच्या आसपास माणसं घेऊन दबा धरून बसला. माणसं जास्त दिसावीत म्हणून एका टेकाडावर त्याने झगे आणि टोप्या काठ्यांवर टांगून ठेवल्या, असं सांगतात. २६ जुलैला फौज खिंडीत शिरली. वरून गोळीबार सुरू झाला, पुढे वाट अडवलेली, मागून आपलीच माणसं आणि जनावरं ढकलताहेत. कोलोकोत्रोनिसचा भाचा निकितारास त्या दिवशी असा लढला, की 'तुर्क खाणारा' हे त्याचं नाव कायमचं झालं. दोन दिवसांनी आगिओनोरीच्या वाटेवर उरलेल्यांना पुन्हा गाठलं. द्रामाली कोरिंथला पोहोचला खरा, पण वर्ष संपायच्या आत तिथेच मेला.

मी गेले होते तेव्हा उन्हाळ्याची दुपार होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना बुटकी झुडपं आणि पिवळट दगड. सावली अशी नाहीच. गाडीतून उतरून दहा मिनिटं चालले तर घशाला कोरड पडली. गनिमी काव्याची शेकडो वर्णनं वाचली होती, शाळेत शिकवलीही होती. पण तहान हेही शस्त्र असतं, हे तिथे अंगाला कळलं.

या विजयाने कोलोकोत्रोनिस सरसेनापती झाला. निकितारासचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या एका पत्रात विचारलंय. स्वतंत्र ग्रीसमध्ये तोही तुरुंगात गेला. १८४९ मध्ये पिरेयसला मेला, जवळजवळ आंधळा आणि अतिशय गरीब.

प्रश्न : "त्रिपोलित्साची तारीख कुठे २३ सप्टेंबर, कुठे ५ ऑक्टोबर. बरोबर कुठली?"

दोन्ही. ग्रीस तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होता. ती एकोणिसाव्या शतकात आपल्या नेहमीच्या तारखेपेक्षा १२ दिवस मागे होती. मी युद्धातल्या तारखा जुन्या पद्धतीने देते, कारण ग्रीक लोकही त्याच लक्षात ठेवतात.

प्रश्न : "ग्रीसला स्वातंत्र्य इंग्रज कवी बायरनने मिळवून दिलं, असं शाळेत शिकलो. खरं आहे का?"

नाही. बायरन आला, त्याने स्वतःचा पैसा ओतला आणि १८२४ च्या एप्रिलमध्ये मिसोलोंगीला तापाने गेला. त्याच्या मरणाने युरोपचं लक्ष वेधलं, हे मोठं काम झालं. युद्धाचा निकाल लावणारा दिवस ८ ऑक्टोबर १८२७, नव्या पद्धतीने २० ऑक्टोबर. त्या दिवशी नावारिनोच्या उपसागरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या गलबतांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. पण तोवर सहा वर्षं मोरियाच्या डोंगरांत लढा धुगधुगत ठेवणारी माणसं वेगळी होती.

प्रश्न : "ज्यांच्यासाठी लढला त्यांनीच त्याला दोनदा तुरुंगात टाकलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. का टाकलं?"

पहिल्यांदा सत्तेच्या भांडणातून. देर्वेनाकियानंतर वर्ष-दीड वर्षातच ग्रीक आपापसात लढायला लागले. एकीकडे मोरियाचे सरदार, दुसरीकडे जहाजमालक बेटकरी आणि मुख्य भूमीवरचे पुढारी. १८२४ मध्ये लंडनहून कर्ज आलं. ते तुर्कांशी लढायला होतं, पण त्यातला पैसा सरकारने या घरच्या भांडणात ओतला. कोलोकोत्रोनिसही इथे निर्दोष नव्हता. सरकारशी त्यानेही हत्यार उचललं. नोव्हेंबरमध्ये त्याचा थोरला मुलगा पानोस त्रिपोलित्साजवळ ग्रीकांच्याच गोळीने मेला. बापाची लढण्याची इच्छाच गेली. तो शरण आला आणि १८२५ च्या सुरुवातीला त्याला हिद्रा बेटावरच्या एका मठात डांबलं.

त्याच सुमारास सुलतानाच्या मदतीला इजिप्तचा इब्राहिम पाशा मेथोनीला उतरला आणि मोरिया तुडवत निघाला. मे महिन्यात त्याच सरकारला कोलोकोत्रोनिसला सोडावं लागलं. तो नाफ्प्लिओला आला तेव्हा गावात काही लोक पुरलेलं धन मिळेल म्हणून खणत होते. तो लोकांना म्हणाला, हिद्राहून येताना मी मनातलं कडू समुद्रात टाकून आलो. तुम्हीही तुमची वैरं या खड्ड्यांत पुरा, म्हणजे धन सापडेल. मुलगा मारला जाऊन सहाच महिने झाले होते.

दुसऱ्या वेळची गोष्ट मला जास्त जवळची आहे. ग्रीस स्वतंत्र झाला. पहिला राज्यपाल, म्हणजे राज्यप्रमुख, कापोदिस्त्रियास. कोलोकोत्रोनिस त्याच्या पाठीशी उभा राहिला. १८३१ मध्ये नाफ्प्लिओच्या सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी कापोदिस्त्रियासचा खून केला. भिंतीतली गोळीची खूण आज काचेखाली जपून ठेवली आहे. १८३३ मध्ये बव्हेरियाहून सतरा वर्षांचा ओटो राजा म्हणून आला. तो सज्ञान नव्हता म्हणून बव्हेरियन सरदारांचं मंडळ कारभार पाहत होतं. त्या मंडळाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून त्याच वर्षी कोलोकोत्रोनिसला आणि त्याचा जुना साथी प्लापुतास याला धरलं. सहा महिने एकांत कोठडी, फक्त पहारेकऱ्याचं तोंड दिसायचं. नाफ्प्लिओला पालामिदी किल्ल्यावर 'कोलोकोत्रोनिसचा तुरुंग' म्हणून एक कोठडी दाखवतात. मी जवळजवळ सरपटत आत गेले होते. पण तो स्वतः नाव घेतो ते खालच्या किल्ल्याचं, इच-कालेचं.

१८३४ मध्ये एका जुन्या मशिदीत खटला चालला. धंदा काय, असं विचारल्यावर त्याने सैनिक असं सांगितलं, आणि एकोणपन्नास वर्षं हातात बंदूक आहे असंही, अशी आठवण सांगतात. पाच न्यायाधीश होते. तिघांनी देहदंड ठरवला. अध्यक्ष पोलिझोइदिस, वय ३२, आणि तेर्त्सेतिस, वय ३४, यांनी निकालपत्रावर सही करायला नकार दिला. पुरावा नाही, मग सही कशाला? न्यायमंत्र्याने दोघांना शिपायांकरवी संगिनींच्या धाकाने ओढत न्यायासनावर बसवलं. पोलिझोइदिसने निकाल वाचायलाही नकार दिला, तो कारकुनाला वाचावा लागला. कोलोकोत्रोनिसने छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, प्रभू, तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव.

फाशी झाली नाही. शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आली आणि १८३५ मध्ये ओटो सज्ञान झाल्यावर माफी मिळाली. त्या दोन न्यायाधीशांवर मात्र उलट खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. नाफ्प्लिओच्या न्यायालयाबाहेर आज त्या दोघांचे पुतळे आहेत. बहुतेक प्रवासी तिथे थांबत नाहीत, किल्ल्याकडे जातात. तुमच्यापैकी कुणी गेलात तर जरूर थांबा.

प्रश्न : "तुम्ही वारंवार त्याच्या आठवणींचा हवाला देता. पण तो फारसा शिकलेला नव्हता, मग लिहिल्या कशा?"

त्याने सांगितल्या, दुसऱ्याने लिहून घेतल्या. १८३६ मध्ये. आणि लिहून घेणारा होता तेर्त्सेतिस, सही न करणारा तोच न्यायाधीश. तो मूळचा झाकिंथोसचा, म्हणजे कोलोकोत्रोनिसने जिथे पंधरा वर्षं काढली त्याच बेटावरचा.

त्यामुळे या पुस्तकाला बोलण्याचा बाज आहे. १८२१ च्या मार्चअखेरीचा एक प्रसंग बघा. पहिल्याच चकमकीत त्याची माणसं पांगली. ख्रिसोवित्सी गावात तो आणि त्याचा घोडा एवढेच उरले. बाकीचे निघाले तेव्हा फ्लेसास नावाचा साथी एका पोराला म्हणाला, याच्यासोबत थांब, नाहीतर लांडगे खातील. झेंडे दिसेनासे होईपर्यंत तो बसून राहिला. मग उतरून वाटेवरच्या मेरीमातेच्या चर्चमध्ये गेला, ग्रीससाठी रडला आणि म्हणाला, आई, या वेळी ग्रीकांना धीर दे. हे सगळं कुठलाही साज न चढवता येतं. दुसऱ्या एका जागी तो म्हणतो, जग आम्हाला वेडे म्हणायचं, आणि वेडे नसतो तर आम्ही क्रांती केलीच नसती. आधी दारूगोळा, घोडदळ, तोफखाना यांचा हिशोब करत बसलो असतो.

१८३८ मध्ये त्याने अथेन्सला प्निक्स टेकडीवर शाळकरी मुलांपुढे भाषण केलं, त्यातही हाच सूर आहे. आपापसातल्या भांडणांबद्दल तो त्यांना म्हणाला, घर बांधायचं, आणि एक म्हणतो दार पूर्वेला, दुसरा म्हणतो समोरच्या बाजूला, तिसरा म्हणतो उत्तरेला, तर घर कधी उभं राहायचं?

फेब्रुवारी १८४३ मध्ये, राजवाड्यातल्या नृत्यसमारंभाहून परतल्यावर, रात्री झटका येऊन तो गेला. तेर्त्सेतिसने पुस्तक छापलं ते १८४६ मध्ये. ज्याच्यासाठी त्याने संगिनी सोसल्या होत्या त्या माणसाची प्रतिमा उजळ करायला तेर्त्सेतिस मोकळा होता. हरकत घ्यायला तो माणूस उरला नव्हता. घोड्याचं वाक्य आणि चिनाराचं वाक्य, दोन्ही त्याने तशीच ठेवली.

मार्चचा लेख संग्रहात जाईल तेव्हा माझी ती एक ओळ बदललेली असेल.